बाकावरची मावशी

स्तनाच्या कॅन्सरचा बायॉप्सी रिपोर्ट आल्यापासून सगळे धीर देत होते. मला मात्र माहिती हवी होती. ती मिळाली परळला, टाटा हॉस्पिटलच्या बाकावर. शेजारच्या सोलापूरच्या मावशींनी माझी फाइल मांडीवर घेऊन ईआर, पीआर, हर-टू या तपासण्यांच्या ओळींवर बोट ठेवलं. "अगं, ईआर पॉझिटिव्ह म्हणजे पुढे रोजची गोळी असते, पाच वर्षं तरी. डॉक्टरांना नीट विचारून घे."

त्या दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरल्या होत्या. केमोनंतर उगवलेले केस अजून बोटभरही नव्हते. पदर सरकवून त्यांनी ब्लाउजच्या आत शिवलेली कापसाची घडी दाखवली, अगदी सहज. त्या घडीकडे मी बघतच राहिले.

भीती आहेच. पण आता वहीत डॉक्टरांसाठी प्रश्न लिहिलेत. आईला अजून काही सांगितलेलं नाही. मावशींसारखं सहज सांगणं मला जमेल का, कुणास ठाऊक.