मक्याच्या माहेरी भाषा शिकताना

वाचकहो, उमापूरच्या एखाद्या शेतकऱ्याची मुलगी उद्या म्हणाली, "मी स्पॅनिश शिकायला मेक्सिकोला जाते," तर घरातून दोन प्रश्न ठरलेले. पहिला, "तिथं खाशील काय?" आणि दुसरा, "त्या भाषेचा शेतीला उपयोग काय?" दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी मिळते. ते ठिकाण म्हणजे मेक्सिको शहराच्या पूर्वेस, तेस्कोको गावाजवळचे चापिंगो.

चापिंगोच्या जुन्या कृषी विद्यालयाचे आज विद्यापीठ झाले आहे. वर्ध्याचे क्रांतिकारक डॉ. पांडुरंग खानखोजे १९२४ साली मेक्सिकोत आले. इंग्रजी अमलामुळे मायदेशाची वाट बंद होती. ते या विद्यालयात प्राध्यापक झाले, मका आणि गहू यांवर त्यांनी संशोधन केले, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा काढल्या. शिकवायचे ते स्पॅनिशमधून आणि शिकणारे नांगरधारी. पुढे १९६७ साली नागपुरात त्यांचे निधन झाले. २०२२ साली चापिंगो विद्यापीठात त्यांचा पुतळा बसला.

तेव्हा तुमची मुलगी तिकडे गेलीच, तर तिला सांगा, सकाळी वर्ग आणि दुपारी बाजार. "के एस एस्तो?" म्हणजे हे काय आहे आणि "क्वांतो क्वेस्ता?" म्हणजे केवढ्याला, एवढ्या दोन वाक्यांवर पिशवी भरते. शाकाहारी असेल तर "सिन कार्ने, सिन मांतेका" हेही पाठ हवे. म्हणजे मांस नको, चरबी नको. कारण तिकडे घेवड्याची उसळसुद्धा पुष्कळदा डुकराच्या चरबीत परततात.

बाजारात ओळखीची मंडळी भेटतील. मिरची, मका, पेरू, पपई यांचे माहेर अमेरिका खंडातच. आपली घोळाची भाजी तिथे 'वेर्दोलागास' नावाने मिळते. राजगिऱ्याची वडी तर हुबेहूब आपली. तिचे नाव 'आलेग्रिया', म्हणजे आनंद. फड्या निवडुंगासारख्या नोपालची पाने काटे काढून भाजीला घेतात. पावसाळ्यात मक्याच्या कणसावर काणी येते ना? तिचे काळपट फुगीर गाठोडे तिकडे 'उइत्लाकोचे' म्हणून चवीने खातात. आपण रोग म्हणून उपटून टाकतो, तिकडे त्याला चांगला भाव येतो!

आता चुलीपाशी चला, कारण खरा धडा तिथे आहे. मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर भिजू देतात, सकाळी चोळून धुतात आणि मग वाटतात. वाटायचा दगड आपल्या पाट्या-वरवंट्याचाच भाऊ. त्या पिठाची पातळ भाकरी म्हणजे तोर्तिया. चुन्यामुळे दाण्याचे साल सुटते, पीठ चिकट होते आणि मक्यात अडकून राहिलेले नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागते.

युरोपीय लोकांनी मक्याचे बी नेले, पण चुन्याची रीत नेली नाही. उत्तर इटलीत आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिण भागात मक्यावरच पोट भरणाऱ्या गरिबांना पेलाग्रा झाला. कातडी काळवंडायची, जुलाब लागायचे, भ्रम व्हायचा. हजारो माणसे दगावली. बियाणे पोत्यात घालून नेता येते, पण ते रांधायचे कसे हे रांधणाऱ्या बाईलाच विचारावे लागते, आणि विचारायला तिची भाषा यावी लागते. भाषेचा शेतीला उपयोग तो हा.

सुटीच्या दिवशी सहलही करावी. तेस्कोकोहून तेओतिवाकान एका दिवसात पाहून होते. तिथला सूर्याचा पिरॅमिड सुमारे ६५ मीटर उंच आहे. दुसऱ्या रविवारी मेक्सिको शहराच्या दक्षिणेला शोचिमिल्को गाठावे. तळ्यातला गाळ व पाणवनस्पती यांचे थर देऊन केलेले तिथले मळे शेकडो वर्षांचे आहेत. मधल्या कालव्यांतून नावेने फिरता येते. शहरात शिक्षण मंत्रालयाच्या भिंतींवर दिएगो रिव्हेरा यांची चित्रे आहेत. त्यांतल्या 'आमची भाकर' या चित्रात पंगतीला यजमानाच्या जागी आपले खानखोजे दिसतात. ते पाहताना वऱ्हाड-मराठवाड्याच्या माणसाची मान आपोआप ताठ होते.

जेवणाऱ्याला तिकडे वाटसरूही "प्रोवेचो" म्हणतो. आपण "सावकाश होऊ द्या" म्हणतो, तसेच. म्हणून मुलीच्या पेटीत लोणच्याच्या बरण्या कमी भरा. त्याऐवजी निघण्यापूर्वी तिला आजीजवळ बसवा. ज्वारीच्या पिठाला उकळते पाणी का घालायचे, घोळ कशी निवडायची, हुरडा कोणत्या दिवसांत भाजायचा, हे तिला नीट सांगता आले पाहिजे. तिकडची बाई तिला चुन्याची रीत सांगेल, तेव्हा हिच्याजवळही देण्यासारखे काही हवे. आणि बांधावरच्या घोळीवर तणनाशक मारण्याआधी घरच्यांनीही एकवार विचार करावा. परदेशी बाजारात जिची जुडी विकत घ्यावी लागते, ती आपल्याकडे फुकट उगवते.