गोळीही औषध, चालणेही औषध

मधुमेहाची गोळी घेणाऱ्याला कुणी 'इमान कच्चे' म्हणत नाही. मनाच्या आजाराची गोळी घेणाऱ्याला मात्र आपल्या घरांत सहज म्हटले जाते. हजरत खदीजा (रजि.) आणि अबू तालिब यांचे निधन झाले, ते वर्ष 'आमुल हुज्न' म्हणजे दुःखाचे वर्ष म्हणून ओळखले जाते. प्यारे नबी (सल्ल.) यांनाही दुःख झाले. इलाज करून घेण्याची ताकीदही त्यांनीच दिली.

पालकसभेनंतर काही माता आम्हा शिक्षकांजवळ थांबतात. झोप नाही, भूक नाही, कशातच मन लागत नाही, असे हळू आवाजात सांगतात. तिरोड्यासारख्या गावात शेजारी काय म्हणतील, या भीतीने डॉक्टरकडे जाणे टळते. गोळ्या सुरू झाल्याच, तर जरा बरे वाटताच घरचेच त्या बंद करायला लावतात.

नैराश्य हा आजार आहे, आणि तो हृदयालाही सोडत नाही. नैराश्यात हृदयविकाराचा धोका वाढतो. हार्ट अटॅकनंतर नैराश्य आले तर सावरणे अवघड होते.

नेदरलंड्समधील एक अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. नैराश्य किंवा चिंतेचा आजार असलेल्या 141 रुग्णांपैकी काहींनी गोळ्या घेतल्या, काही गटाने धावले. बहुतेकांनी उपचार स्वतःच निवडला होता. 16 आठवड्यांनी दोन्हींकडे सुमारे 44 टक्के रुग्ण आजारातून बाहेर आले. धावणाऱ्यांचे वजन आणि रक्तदाबही सुधारला. पण गोळ्यांचा उपचार 82 टक्क्यांनी पाळला, धावण्याचा 52 टक्क्यांनीच. ज्याला अंथरुणातून उठवत नाही, त्याला नुसते 'फिरून ये' म्हणून भागत नाही.

सोबत हवी. आपल्या कितीतरी बहिणी आठवडाभर उंबरठा ओलांडत नाहीत. फजरनंतर, ऊन चढण्याआधी, भाईजानने भाभीसोबत, मुलीने अम्मीसोबत अर्धा तास झपझप चालावे. नमाजने सुकून मिळतो. हृदयाला असे चालणेही हवे. हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

गोळीचा असर दिसायला काही आठवडे लागतात. ती अचानक बंद करू नये. रमजानमध्ये गोळीची वेळ इफ्तार-सहरीला बदलता येईल का, हे डॉक्टरांनाच विचारावे. आणि घरात कुणी 'जगावेसे वाटत नाही' म्हणाले, तर रागावू नका, त्यांना एकटे सोडू नका. सरकारच्या टेली-मानसचा 14416 हा मोफत क्रमांक दिवसरात्र सुरू असतो. तिथे मराठीत बोलता येते.

अल्लाह सर्व आजारी बंधू-भगिनींना शिफा देवो. आमीन.