मेलेल्या नोंदी
नो-कोड साधने म्हणजे कोडची एक ओळही न लिहिता अ‍ॅप, संकेतस्थळ किंवा हिशेबाची वही उभी करून देणारी साधने. त्यांची यादी गोळा करायला आठवडा पुरतो, विकायला मात्र वर्षे जातात. एअरटेबल, बबल, वेबफ्लो, ग्लाइड, अ‍ॅपशीट, झोहो क्रिएटर ही नावे कोणीही चहा संपायच्या आत काढून देईल. फुकट पडलेल्या नावांना कोणी पैसे देत नाही. गिऱ्हाईक पैसे मोजते ते निवडीचे, आणि ती निवड आजही खरी आहे या खात्रीचे. निवड सरावाने जमते. खात्री काही हाताला लागत नाही.

सर्वांना मिळणारा माल नीट मांडून विकण्याचा मराठी नमुना म्हणजे ‘कालनिर्णय’. तिथी आणि सण पंचांगात होतेच. जयंतराव साळगांवकरांनी 1973 साली ते भिंतीवर टांगण्याजोगे केले आणि मागच्या पानांवर वाचायला मजकूर दिला. पण त्या धंद्याला एक सवलत आहे. दिनदर्शिका कधी शिळी होणार हे छापतानाच ठरलेले असते, आणि 31 डिसेंबरला गिऱ्हाईक आपण होऊन नवी घ्यायला येते. साधनांच्या यादीतली नोंद कोणत्याही रात्री मरते आणि तिचा निरोप येत नाही. इंटिग्रोमॅट हे साधन 2022 साली नाव बदलून ‘मेक’ झाले. अ‍ॅमेझॉनचे हनीकोड 2020 च्या जूनमध्ये आले आणि 29 फेब्रुवारी 2024 रोजी बंद पडले. एवढ्या मोठ्या घरचे साधन चार वर्षे टिकले नाही, तिथे दोघातिघांनी काढलेल्या कंपनीची काय हमी? जऊळका या गावावरून जाणारा अकोला-पूर्णा लोहमार्ग 2008 मध्ये रुंद झाला. त्यानंतर मीटरगेजचे वेळापत्रक हातात धरून फलाटावर उभा राहणारा माणूस वेळापत्रकच नसलेल्यापेक्षा जास्त फसतो. जुन्या यादीचे तेच.

नोंद ताजी ठेवणे म्हणजे दुवा उघडतो का ते पाहणे, असा समज असतो. ते काम यंत्रही करते. खरी तपासणी गिऱ्हाइकाच्या जागी बसून करावी लागते. जऊळक्यातल्या एखाद्या कृषी केंद्राला उधारीची वही फोनवर हवी आहे असे धरू. एअरटेबलचा मोफत वापर एका बेसला, म्हणजे एका वहीला, हजार ओळींवर थांबतो. खरिपाचे बियाणे, खत, फवारणीची औषधे असे प्रत्येक खातेदाराचे पाच-सहा व्यवहार धरले, तर दोनशे खाती पोळ्याआधीच ती मर्यादा गाठतात. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव देवनागरीत टंकून शोधले तर सापडते का? रेंज गेल्यावर भरलेली नोंद राहते का? भाडे डॉलरमध्ये असेल तर कार्ड चालते का? 1 ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेने आपोआप होणाऱ्या कार्डवसुलीचे नियम कडक केले, तेव्हा कित्येक परदेशी साधनांचे मासिक भाडे भारतीय कार्डांवरून कापले जाईना. कंपनीच्या जाहिरातीत यातले काहीच नसते. एका नोंदीला अर्धा दिवस जातो तो इथे.

मिळकतीच्या वाटा चार: साधनवाल्यांकडून नोंदणीशुल्क, वरच्या जागेचे पैसे, दुव्यामागचे कमिशन आणि वाचकाची वर्गणी. पहिली वाट याहूने चालून पाहिली. व्यापारी संकेतस्थळाची नोंद तपासण्याचे ते वर्षाला 299 डॉलर घेत, आणि तरीही 2014 च्या अखेरीस त्यांची निर्देशिका बंद झाली. दुसरी वाट मुंबईच्या जस्ट डायलने राजमार्ग केली. 1996 मध्ये फोनवर सुरू झालेल्या या सेवेत विचारणारा फुकट विचारी आणि वर दिसण्यासाठी दुकानदार पैसे देई. 2013 मध्ये तिचे समभाग बाजारात आले, 2021 मध्ये रिलायन्सने ती ताब्यात घेतली. मात्र नळदुरुस्तीवाला चुकला तर दुसरा बोलावता येतो. साधन चुकले तर वर्षभराचा हिशेब त्यात अडकून पडतो. म्हणून विकलेली वरची जागा इथे जास्त महाग पडते. कमिशन तर सर्वांत लबाड. ज्या साधनाचा वाटा मोठा, त्याच्या वर्णनातली विशेषणे आपोआप वाढतात आणि लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. उरते वर्गणी. ती कमी येते, पण तिच्यात मालक एकच असतो, तो म्हणजे वाचक.

यादी करणाऱ्याची खरी खोड संख्येची. मुखपृष्ठावर ‘600 साधने’ लिहिण्यात जे सुख आहे ते ‘40 तपासलेली’ लिहिण्यात नाही. शिकायला आलेले पोरही पहिला प्रश्न किती नोंदी असाच विचारते, आणि गुरू मोठा आकडा सांगून मोकळा होतो. त्यातल्या किती मेल्या आहेत हे त्याला ठाऊक असते. पुसल्या तर आकडा उतरेल म्हणून त्या तशाच राहतात. हल्ली यंत्राकडून वर्णने लिहून घेऊन हजारो नोंदींची दुकाने थाटली जातात. त्यांना नावे ठेवणे सोपे आहे, पण तो आजार जुन्या हातांचाच. यंत्राने फक्त वेग दिला.

विकाऊ यादीतला सर्वांत महाग रकाना ‘शेवटचे तपासले’ हा असतो. वर्गणी भरण्याआधी कोणत्याही पाच नोंदी स्वतः उघडून पाहाव्यात. दोन मेलेल्या निघाल्या तर पैसे खिशातच ठेवावेत.