पाण्यावर हक्क आणि पाण्यातली विद्या

पावसाळा लागला की आमच्या फुलपाड्यातील पोरांचे पाय पापडखिंडीच्या धरणाकडे वळतात. ते पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले. पोहण्याची जागा नव्हे. पण सांगून पोरे ऐकतात थोडीच! पालकांच्या जिवाला घोर लागतो. म्हणून वस्तीतील मुलामुलींना घेऊन आम्ही सार्वजनिक तरण तलावावर जाऊ लागलो.

तेथील जीवरक्षक काठावर नुसता बसलेला दिसतो, पण त्याची नजर पाण्यावरून हलत नाही. कारण बुडणारा बहुधा ओरडत नाही, गप्पच खाली जातो. शिकवतानाही तो आधी पाण्यात श्वास सोडायला लावतो, मग अंग सैल सोडून तरंगायला. हातपाय मारणे नंतर. त्याची ताकीद एकच : बुडणाऱ्यामागे उडी टाकू नका, घाबरलेला माणूस मिठी मारून दोघांनाही खाली नेतो. दोर, बांबू, साडी, हवा भरलेली ट्यूब, हाती येईल ते टाका आणि माणसे बोलवा.

गावाकडे मुले पाठीला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकत. आपल्या वाडवडिलांना त्या विहिरीची पायरीच बंद. त्यांना कोण शिकवणार? २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन बाबासाहेबांनी आपला हक्क बजावला. हक्क त्यांनी मिळवून दिला, विद्या आपण घ्यायची आहे. बंधुभगिनींनो, सुट्टीतील धम्म संस्कार शिबिराला पोहण्याच्या वर्गाची जोड द्या. मुलींना मागे ठेवू नका.

जय भीम!