तिखट खाली, आंबट वर

दिवाळीनंतर नंदुरबारला येणारा पाहुणा आधी शिंकतो आणि मग रामराम करतो. गावाभोवतीच्या मोकळ्या रानांत तेव्हा मिरचीच्या पथाऱ्या पडलेल्या असतात. बाजार समितीत ओली लाल मिरची गाड्या भरभरून येते, व्यापारी ती घेतात आणि उन्हात पसरतात. मिरचीच्या बाजारात गुंटूरच्या पाठोपाठ नंदुरबारचं नाव घेतात, आणि हंगामात इथल्या रस्त्यानं एकदा जाऊन आलं की त्यावर वाद घालावासा वाटत नाही. नजर जाईल तिथपर्यंत लाल. फोटो काढणाऱ्यांना हे दृश्य फार आवडतं. फोटोत ठसका येत नाही, हे त्यांच्या पथ्यावर पडतं.

पथारीवर बाया बसलेल्या असतात. साडीवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, नाकातोंडावरून घट्ट बांधलेला रुमाल, उघडे फक्त डोळे. मिरची वर-खाली करायची, देठ खुडायचे, रंग उडालेली फटकी बाजूला काढायची. मधेच अवकाळी पाऊस आला तर सगळ्या रानाची फटकी व्हायला एक रात्र पुरते, म्हणून डिसेंबरात आभाळ भरून आलं की इथं कोणी कवी होत नाही, ताडपत्र्या शोधायला पळतात.

दुपारी या बाया निंबाखाली डबे उघडतात. मी एकदा त्यांच्यात जेवलो आहे. ज्वारीची भाकरी, कांदा, आणि शेंगदाणे-लसूण घालून रगडलेला हिरव्या मिरचीचा ठेचा. चहूबाजूंना लाल मिरचीचे ढीग आणि डब्यात हिरवी. मी म्हटलं, मावशी, हे कसं काय? म्हातारीनं रुमाल हनुवटीखाली ओढला आणि माझ्याकडे पाहिलं. ‘‘लाल ती इकानी, भाऊ. हिरवी ती खावानी.’’ भाकरीचा तुकडा तिनं पदराच्या टोकात धरला होता, उघड्या बोटांनी नव्हे. हात साबणानं कितीही धुतले तरी रात्री नातवाच्या तोंडावरून हात फिरवत नाही, असं ती सांगत होती. पोर झोपेत रडतं आणि का रडतं ते त्याच्या आईलाही चटकन कळत नाही. हे सगळं सांगताना तिच्या आवाजात तक्रार नव्हती. ठेचा मात्र असा जमला होता की मी तिची दुसरी भाकरी अर्धी खाल्ली, आणि तिनंही ती मला खाऊ दिली.

गंमत अशी की ही मिरची इथली नव्हेच. अमेरिकेतून पोर्तुगिजांच्या गलबतांवर बसून ती आपल्याकडे आली. अबुल फजलनं आईन-ए-अकबरीत बादशहाच्या मुदपाकखान्यातले जिन्नस बारकाईनं लिहून ठेवलेत, त्यात मिरची नाही. म्हणजे सुरत-बुऱ्हाणपूरच्या वाटेवरचे तांडे नंदुरबारला मुक्काम टाकत होते त्या काळात कधीतरी ती हळूच शिरली असणार. त्याआधी तिखटपणाचा कारभार मिरी आणि पिंपळी पाहत. खानदेशातल्या माणसाला हे पटवून द्यायला जाऊ नये. त्याच्या मते शेवभाजीचा रस्सा सृष्टीच्या आधीपासून लालच आहे.

आमच्या तापीकाठच्या बाजूला, म्हणजे शहादा-सारंगखेड्याकडे, जेवणाचा खरा थाट पाहायचा तर आखाजीला. अक्षय्य तृतीया म्हणजे आमची आखाजी. सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधले जातात, पितरांच्या नावानं पाण्याची घागर पुजतात, चुलीतल्या निखाऱ्यावर आगारी टाकतात, आणि मग ताटात येते खापरावरची पुरी. ती पुरी म्हणून वाढली जाते, पण तिचा आकार पाहून बाहेरगावचा जावई बिचकतो. ताटभर पसरून तिच्या घड्या पडलेल्या असतात.

नात्यातल्या एक जिजी या कामात अख्ख्या गल्लीत पहिल्या. आखाजीच्या आदल्या दिवसापासून त्यांना बोलावणी. गहू ओलवून दळायचे, पीठ वस्त्रगाळ करायचं, मग पाणी लावत लावत ते इतकं तिंबायचं की उचललं तर स्वतःच्या वजनानं लोंबेल. दोन पाऱ्यांच्या मधे पुरणाचा गोळा, कडा दाबलेल्या. इथवर कोणीही करील. यानंतर लाटणं नाही आणि पोळपाटही नाही. जिजी तो गोळा एका हातावरून दुसऱ्या हातावर झेलायच्या. आधी तळव्यावर मावणारा, मग मनगटापर्यंत आलेला, मग थेट कोपरापर्यंत पसरलेला. बांगड्या त्यांनी आधीच वर सारून दंडाशी अडकवलेल्या. पदर इतका पातळ व्हायचा की मागचा चुलीचा जाळ आतून पिवळा दिसे, तरी पुरण कुठे डोकावत नसे. एका क्षणी दोन्ही हात खापरावर उपडे होत आणि पुरी तिथं उतरे. उतरे म्हणजे जणू अंगावर चादर पडावी तशी, एकही सुरकुती न पाडता.

खापर म्हणजे मातीचं भांडं, चुलीवर उपडं घातलेलं. खाली पऱ्हाट्यांचा जाळ. पऱ्हाटी भसकन पेटते आणि तितक्याच लवकर विझते, त्यामुळे जाळ घालायला एक शहाणं माणूस लागतं. हे काम माझ्याकडे असे. जिजी पाठमोऱ्या असूनही ओरडायच्या, ‘‘जाय कमी कर रे, करपी जाई!’’ त्यांना ते कशावरून कळे, वासावरून की कानावरून, मला आजही उलगडलेलं नाही. विचारलं की म्हणायच्या, बोटं सांगतात. बरोबर आमरस, डाळीच्या पाण्याची काळ्या मसाल्यातली रशी, तळलेल्या कुरडया. गोडाच्या घासानंतर रशीचा भुरका मारायचा, मग पुन्हा गोड. एरवी घरातल्या बायका शेवटी जेवायच्या, उरलंसुरलं खायच्या. जिजींनी हा रिवाज मोडून टाकला होता. पहिली पुरी आगारीला, दुसरी त्यांची स्वतःची. चुलीपुढेच बसून, तूप ओतून, सगळ्यांच्या देखत खायच्या. ‘‘चव माहीत नसेल तर पुढच्या कशा करू?’’ सासऱ्यांनीही पुढे बोलणं सोडून दिलं होतं. मी आजवर पाहिलेल्या स्वयंपाक करणाऱ्यांत स्वतःच्या हातचं इतक्या आनंदानं खाणारं दुसरं कोणी मला भेटलं नाही.

हा झाला खालचा मुलूख. धुळ्यातून निघून नंदुरबार स्वतंत्र जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ला, पण चुलींची वाटणी सातपुड्यानं फार आधी करून ठेवली आहे. तळोद्याहून चांदसैली घाट चढून धडगावकडे निघालं की वळणावळणाला तेल कमी होत जातं. खाली रश्श्यावर बोटभर तवंग नसेल तर पाहुण्याचा अपमान. वर तेलाची बाटली घरातल्या मौल्यवान चिजांत मोडते. याच डोंगरात अस्तंब्याचं शिखर आहे. दिवाळीच्या सुमारास तिथं यात्रा भरते, आणि अश्वत्थामा कपाळाच्या जखमेसाठी अजून तेल मागत हिंडतो, असं लोक सांगतात. अमर माणसानं मागून मागून काय मागावं, तर तेल. तेही अशा मुलखात. कथा रचणाऱ्याला इथल्या चुली ठाऊक असणार.

धडगावच्या बाजूला मी पोहोचलो ते वैशाखात, आमचुराच्या दिवसांत. सातपुड्यात गावठी आंबा भरपूर. झाडं वाडवडिलांनी लावलेली किंवा आपोआप आलेली, फळ लहान, रेशाळ आणि आंबटढोण. ते पिकेपर्यंत थांबायला कोणाला सवड नसते. कैऱ्या उतरवायच्या, सोलायच्या, फोडी करायच्या आणि वाळवायच्या. खडकांवर, अंगणात, जुन्या लुगड्यांवर, जिथं ऊन लागेल तिथं पांढरट फोडी पसरलेल्या. पांढरी राहिली तर भाव चांगला, पाऊस लागून काळवंडली की व्यापारी तोंड फिरवतो. कैरीचा चीक लागून सोलणाऱ्या बायकांची बोटं काळी पडतात, कुठे कातडं भाजल्यासारखं निघतं. खाली पथारीवर हात जळतात ते तिखटानं, इथं आंबटानं. या फोडी मोलगी-धडगावच्या बाजारातून खाली येतात, दळल्या जातात आणि देशभरच्या चाटच्या गाड्यांवर पोहोचतात. नर्मदेकाठची मणिबेलीसारखी गावं सरदार सरोवराच्या पाण्यात गेली, तेव्हा घरांबरोबर असे आंबेही गेले. नुकसानभरपाईत शेताची एकरं मोजता येतात. आजोबाच्या आंब्याला कुठला रकाना?

ज्या पावरा कुटुंबाकडे उतरलो होतो, त्यांच्या अंगणात चालायलाही जागा नव्हती, सगळीकडे फोडी. रात्री जेवायला उडदाची डाळ आणि मक्याची भाकरी. उडीद त्यांच्याच उतारावरचा, जात्यावर भरडलेला, सालासकट. मातीच्या हंडीत तो संध्याकाळपासून रटरटत होता. घरच्या बाईनं पाट्यावर मिरची, लसूण आणि मीठ ठेचलं आणि हंडीत टाकलं. एवढंच. फोडणी नाही, हळद बहुधा नसावी, तेलाचा थेंब तर नाहीच. मी मनात थोडा हिरमुसलो होतो, हे कबूल करायला हरकत नाही. मग पळसाच्या पानावर ती काळपट, चिकट डाळ पडली. भाकरी तळहाताएवढी जाड, निखाऱ्यावर फुगवलेली, एका बाजूनं करपलेली. पहिल्या घासाला धूर, दुसऱ्याला उडदाचा मातकट गोडवा, आणि तिखट सगळ्यांत शेवटी, घशाच्या तळाशी. मसाल्याच्या आड लपलेली डाळ मी जन्मभर खात आलो होतो. ही समोरासमोर बसून बोलत होती.

मी विचारलं, यात आमचूर नाही टाकत? घरच्या मुलानं प्रश्न आईला पावरीत सांगितला. ती हसली आणि काहीतरी म्हणाली. तो म्हणाला, ‘‘आई विचारते, दारात झाड असताना वाळलेलं कशाला खायचं?’’ मग तिनंच उलट विचारलं की तुम्ही शहरात एवढ्या आमचुराचं करता तरी काय. मी भेळ, छोले, पाणीपुरी असं काहीबाही सांगितलं. तिला पाणीपुरी समजावून सांगणं जमलं नाही. पुरीला भोक पाडून आत पाणी भरतात, हे ऐकून घरातली लहान मुलं लोळून हसली.

इथं धान्याला देवी आहे. याहा मोगी, देवमोगरा माता. तिचं ठाणं डोंगरापलीकडे गुजरातच्या सागबारा तालुक्यात, महाशिवरात्रीच्या सुमारास यात्रा, आणि माणसं डोक्यावरच्या टोपलीत नवं धान्य घेऊन चालत जातात. दुष्काळात तिनं लोकांना धान्य वाटलं, अशी श्रद्धा आहे. ज्या देवीची कीर्तीच मुळी वाढण्याबद्दल, तिच्या मुलखात पाहुण्याला उपाशी निजवणं शक्यच नाही.

नवापूरबद्दल थोडक्यात सांगतो, नाहीतर तिकडचे मित्र रागावतील. त्यांच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन आहे आणि त्यांचं रेल्वे स्टेशन दोन राज्यांत आहे. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तरचं कार्यालय गुजरातेत. एका बाकावर बसलेल्या दोघांपैकी एकाला दारूबंदी लागू, दुसऱ्याला नाही. २००६च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू इथं सापडला आणि कुक्कुटपालनावर उभं असलेलं हे गाव एकदम बातम्यांत आलं. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. त्यानंतर बरेच दिवस लग्नांच्या पंगतीत वांग्याला जो भाव आला, तो मी विसरलेलो नाही.

वांग्यावरून आठवले आमच्याकडचे एक आचारी. खानदेशातलं लग्न म्हणजे वरण, बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी. बट्टी आधी उकडायची, मग कापून तळायची, आणि वरणात कुस्करून वर तूप. आचारीबुवा पहाटे तीनला चूल पेटवत. भाजी चाखून पाहत नसत. कढईवर वाकून वाफ घेत आणि पोराला सांगत, मीठ अजून एक मूठ. पंगती उठायला तीन-चार वाजत, मग स्वतः मंडपामागे बसून दूधभाकरी कुस्करून खात. बट्टीला हात लावत नसत. सकाळपासून वाफेनंच पोट भरलंय म्हणत. वरमाय तक्रार घेऊन आली की भांडण ठरलेलं, कारण त्यांना नुसतं ‘छान झालंय’ सुद्धा सहन होत नसे. काय छान झालंय ते नीट सांगा, म्हणत. एकदा मुलाकडचा कोणी वरणात मीठ बिघडलंय म्हणून तणतणत आला. आचारीबुवांनी झारा खाली ठेवला नाही की मान वर केली नाही. ‘‘कमी पडलं असेल तर मला सांगा, आबा, वाढवून देतो. जास्त झालं असेल तर नवरदेवाला सांगा, त्याला आता सवय करायचीच आहे.’’