करपलेली डाळ

परवा कुकरच्या शिट्ट्या मोजायच्याच राहिल्या. हातात ‘स्मृतिचित्रे’ होतं. डाळ करपली. सासूबाई काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

नोकरी सोडून चार वर्षं झाली. लेकीची वेणी, तिचा डबा, दुपारी तिघींनी मिळून फोडलेल्या भुईमुगाच्या शेंगा... यात मी खरंच सुखी आहे. मग हे वाचनाचं वेड आलं कुठून? लक्ष्मीबाई टिळक लिहा-वाचायला शिकल्या लग्नानंतर, आणि १९३४ साली त्यांच्या आठवणींचा पहिला भाग आला. मी एम.कॉम.; दहा वर्षांत एक पुस्तक पुरं केलं नव्हतं!

रात्री सासूबाई पलंगाशी येऊन बसल्या.

“असं काय आहे गं त्यात? मोठ्यानं वाच की.”

लेक ऐकता ऐकता झोपली. साडेअकराला मीच म्हटलं, आता उद्या.

“एवढं पान संपव,” त्या म्हणाल्या.