आमटीत पाणी कधी पडतं?



पोस्ट जरा लांबली आहे. सवडीने वाचा, पण शेवटपर्यंत वाचा. कारण यात एक चूक आहे आणि ती माझीच आहे. ती कबूल केल्याशिवाय मला पुढचं बोलायचा अधिकार नाही.

गेल्या आठवड्यात भाचा सुट्टीवर आला. समुद्रातल्या त्या मोठ्या प्रवासी जहाजावर, म्हणजे क्रूझवर, जेवणाच्या हॉलमध्ये तो असिस्टंट वेटर आहे. पुण्यात हॉटेल मॅनेजमेंट केलं, मग जहाजावरच्या सुरक्षेचे कोर्स केले, सीडीसी काढली, बीकेसीला खेटे घालून अमेरिकेचा व्हिसा मिळवला. एकदा चढला की नऊ महिने उतरायचं नाव नाही. त्याला पाठवायला सगळ्यांत जास्त विरोध होता आमच्या आक्काचा, म्हणजे त्याच्या आईचा. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात डायमंड प्रिन्सेस नावाचं जहाज कोरोनामुळं अडकलं होतं, आठवत असेल. ३,७११ माणसं आत, त्यातली सातशेच्या वर बाधित झाली. १३२ भारतीय कर्मचारी होते त्यात. प्रवासी आपापल्या खोलीत बंद आणि दारोदार ताटं पोचवणारे हे कर्मचारी. टीव्हीवर बघितलेलं ते आक्काच्या डोक्यातून काही केल्या जात नव्हतं. तरी पोरगं गेलं. उसाच्या भरवशावर घर चालतं, पण पोराचं लग्न जमत नाही, हे आपल्या भागात कुणाला वेगळं सांगायला नको.

तर रात्री जेवणं झाल्यावर ओट्यावर बसलो होतो. आपल्या ओळखीतले काही जण मुंबईहून गोव्याला क्रूझने जाऊन आलेत. २०२१ पासून मुंबईतून ते जहाज सुटतं, त्यांचे बुफेचे फोटो आपण सगळ्यांनी लाइक केलेत. म्हणून मी सहज विचारलं, "काय रं, तिथं जेवायला काय काय असतं?"

तो हसला. म्हणाला, "मामा, कुठल्या जेवणाचं विचारताय? तिकिटातल्या का पैशाच्या?"

मला वाटलं होतं एकदा तिकीट काढलं की सगळं त्यातच. मग त्यानं सगळं नीट उलगडून सांगितलं.

पूर्वी जहाजावर एक मोठा जेवणाचा हॉल असायचा. रात्रीच्या जेवणाच्या दोन पाळ्या, एक सहाच्या आसपास, दुसरी साडेआठच्या सुमारास. प्रत्येकाचं टेबल ठरलेलं आणि वाढणारा वेटरही ठरलेला. पूर्ण प्रवासभर तोच. दुसऱ्या दिवशी त्याला तुमचं नाव पाठ, तिसऱ्या दिवशी कोण गोड खात नाही, कुणाला तिखट सोसत नाही, सगळं पाठ. टेबलावर शेजारी बसलेली अनोळखी माणसंही आठवडाभरात ओळखीची व्हायची. भाचा म्हणाला, "मामा, आपली पंगतच म्हणा ना. फक्त टेबल-खुर्चीवरची." वाढपीही पुष्कळदा आपल्याकडचेच. मुंबई बंदरातून विलायतेला जाणाऱ्या पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर इंग्रजांच्या काळापासून स्वयंपाकघरात आणि जेवणाच्या हॉलमध्ये गोव्याची माणसं असायची.

मग २००० साली नॉर्वेजियन क्रूझ लाइनने ठरलेली वेळ आणि ठरलेलं टेबल काढून टाकलं. या वाटेल तेव्हा, बसा वाटेल तिथं. लोकांना आवडलं. आवडणारच. सुट्टीवर आलेल्या माणसाला घड्याळ कशाला पाहिजे? हळूहळू बाकीच्या कंपन्यांनीही तशी सोय केली. वरच्या मजल्यावर बुफे होताच, त्यात वेगळे पैसे भरून जेवायची हॉटेलं जहाजातच वाढत गेली. जपानी वेगळं, इटालियन वेगळं. २०२४ मध्ये सुरू झालेल्या आयकॉन ऑफ द सीज या जहाजावर जास्तीत जास्त ७,६०० प्रवासी मावतात आणि खाण्यापिण्याची ठिकाणं वीसच्या वर आहेत. आपल्या भागातलं एखादं मोठं गाव उचलून पाण्यावर ठेवलं असं समजा.

आणि तो जुना हॉल? तो आहे अजून, तिकिटातच आहे. पण २०२२ च्या शेवटी कार्निव्हल कंपनीनं तिथं नियम केला की दोन मुख्य पदार्थ तिकिटात, तिसरा मागवला तर पाच डॉलर. २०२३ मध्ये रॉयल कॅरिबियननं आपल्या हॉलचा मेनूच बदलला. पदार्थांची यादी आखूड केली आणि रोज एक विषय धरून जेवण सुरू केलं. जेवण लवकर उरकावं हा त्यामागचा एक हेतू.

मी म्हटलं, "मग खाणं बिघडलं म्हण की."

"बिघडलं नाही मामा. मापात आलं," तो म्हणाला. मग थोडा थांबून म्हणाला, "पूर्वी हॉलमध्ये काही माणसं असायची, सूप गार आलं की सरळ हेड वेटरला बोलवायची. आम्हाला राग यायचा त्यांचा. पण त्यांच्यामुळं किचन दबकून असायचं. आता ती माणसं पैसे भरून दुसरीकडं जेवतात. तक्रार करणारेच उठून गेले, मग गार सूप कुणाला दिसणार?"

हे ऐकलं आणि मी गप्प झालो. त्याला वाटलं मामाला झोप आली. झोप नव्हती आली. मला माझ्या मुलीचं लग्न आठवलं.

आता ती चूक सांगतो.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात लग्न झालं. पंधराशे पानांचा अंदाज. मंगल कार्यालयाच्या मोठ्या मांडवात सगळ्यांची सोय आणि वरच्या एसी हॉलमध्ये तीनशे 'खास' लोकांची. खास म्हणजे कोण? पुढारी, सत्काराला आलेले, व्याह्यांकडची मानाची माणसं, पुण्याचे साहेब लोक. खाली आमटी, भात, वांग्या-बटाट्याची भाजी, पुरी, बुंदी. वर पनीर, तंदूर रोटी, आइस्क्रीम, अजून काय काय. मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. सगळेच करतात. उलट केलं नाही तर लोक काय म्हणतील, ही भीती.

केटररला मी स्वतः सांगितलं होतं, "वर काही कमी पडू देऊ नका." खालचं काहीच बोललो नाही. त्यानं काय करायचं? त्यानं चांगला आचारी वर दिला, हुशार वाढपी वर दिले, स्वतः वरच्या हॉलच्या दारात उभा राहिला. त्याचं काही चुकलं नाही. यजमानाचं लक्ष जिथं, तिथं त्याचं लक्ष.

मी पाहुण्यांबरोबर वर जेवलो. जेवण एक नंबर होतं.

संध्याकाळी पाठवणी झाली, मंडळी पांगली. आई कोपऱ्यात खुर्चीवर बसली होती. तिनं वस्तीवरच्या बायकांबरोबर खाली, शेवटच्या गर्दीत जेवण केलं होतं. मला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "तू जेवलास का रं?"

म्हटलं, "हो की."

"खाली नसशील जेवला."

"का गं?"

"आमटीत पाणीच होतं नुसतं. बुंदी संपलेली. आपल्या वस्तीवरची माणसं भात कालवून उठली. कुणी काय बोललं नाही, तुझं नाव खराब होईल म्हणून."

एवढंच. आई रागावली नाही, रडली नाही. पण ज्या माणसांनी माझ्या बापाच्या वेळेपासून आमच्या शेतात खुरपलं, ऊस लावला, माझ्या मुलीला कडेवर खेळवलं, ती माणसं तिच्याच लग्नातून पाणचट आमटी खाऊन गेली. आणि मला पत्ता नव्हता, कारण मी वर आइस्क्रीम खात होतो. मी खाली बसलो असतो तर पहिल्या घासाला कळलं असतं. पिंपभर आमटी नव्यानं करायला तासभर लागतो, पैसे थोडे लागतात. कमी पैसा नव्हता पडला, लक्ष कमी पडलं होतं.

भाच्याच्या जहाजावर जे कंपन्यांनी धंदा म्हणून केलं, ते मी हौस म्हणून केलं.

आता कुणी म्हणेल, हा जुन्या पंगतीचे गोडवे गातोय. नाही. ती पंगतही धुतल्या तांदळासारखी नव्हती. कुणी आधी बसायचं, कुणी मांडवाबाहेर, कुणी सगळ्यांत शेवटी, हे जातीवर ठरायचं. आपल्या म्हाताऱ्या माणसांनी ते डोळ्यांनी बघितलंय, काहींनी भोगलंय. बायका तर घरच्या कार्यातही उरलंसुरलं खायच्या. ती पंगत परत नको. बुफेनं ते बरंच मोडलं, हे खरं आहे आणि चांगलं आहे. ताट घ्या, रांगेत उभे राहा, पुढं कोण मागं कोण कुणी विचारत नाही. पण आपण काय केलं? जातीची वेगळी पंगत मोडली आणि त्या जागी पैशाची आणि पदाची वेगळी पंगत मांडली. 'व्हीआयपी भोजन कक्ष' अशी पाटी लावून.

माझं म्हणणं लग्नापुरतं नाही. गावात जे जे सगळ्यांचं म्हणून असतं, त्या प्रत्येक ठिकाणी हेच होतं. ज्यांच्या शब्दाला वजन आहे ती माणसं तिथून उठली, की उरलेल्यांच्या आमटीत पाणी पडतं. मुद्दाम कुणी ओतत नाही. बघायला कुणी नसतं, म्हणून पडतं. झेडपीच्या शाळेतली खिचडी घ्या. मुलांना वाढायच्या आधी शिक्षकांनी चव घ्यायची, नोंद ठेवायची असा नियम आहे. पालकांनीही जाऊन चव घ्यावी अशी अपेक्षा आहे. नियम शहाण्या माणसानं केलाय. पण ज्यांची पोरं इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसून जातात, त्यांच्यातले किती जण त्या खिचडीचा घास खायला कधी गेलेत? मीही नाही गेलो. एसटीचं तेच, सरकारी दवाखान्याचं तेच. आपण उठून गेलो आणि नंतर म्हणतो, तिथं काही दम राहिला नाही.

जहाजाची एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. अमेरिकेच्या बंदरात येणाऱ्या क्रूझवर तिथलं सरकारी आरोग्य खातं अचानक तपासणी करतं. स्वयंपाकघर, फ्रीज, पाणी, सगळं बघून शंभरपैकी मार्क देतं. ८५ किंवा त्याच्या खाली मार्क पडले की जहाज नापास, आणि निकाल जगाला वाचता येतो. भाचा म्हणतो, त्या तपासणीच्या नावानंच किचनमध्ये सगळ्यांची झोप उडते. आपल्या कार्यात असा साहेब कुठून आणणार? पण यजमान स्वतः तपासनीस होऊ शकतो. त्यासाठी शिक्का लागत नाही, ताट लागतं.

दिवाळीनंतर धाकट्याचं लग्न आहे. घरात सांगून टाकलंय. बुफे ठेवायचा, पण एकच. वरचा हॉल घ्यायचा नाही. पुढारी आले, स्वागत आहे, तेही त्याच रांगेत. म्हाताऱ्यांना, लेकुरवाळ्यांना आणि ज्यांना ताट धरून उभं राहवत नाही त्यांना खुर्ची-टेबलावर बसवून वाढायचं. खास सोय कुणाची करायची असेल तर ती त्यांची. पनीर परवडलं तर सगळ्यांना, नाहीतर कुणालाच नाही. आमटी मात्र झणझणीत पाहिजे.

घरात अजून सगळ्यांना पटलेलं नाही. थोरला म्हणतो, "नाना, लोक नावं ठेवतील." ठेवू देत. गेल्या वेळी कुणी नावं ठेवली नाहीत, त्याचंच मला जास्त लागलंय.

भाचा म्हणाला, "मामा, मी तेव्हा जहाजावर असेन. नाहीतर वाढायला आलो असतो."

आई आता फार चालत नाही. तिला मात्र सांगून ठेवलंय, की तू जेवायला बसशील तेव्हा मीही तुझ्या शेजारी बसणार, सगळ्यांत शेवटी. ती म्हणाली, "मग आचाऱ्याला आधीच सांग, मालक शेवटी बसणार आहे म्हणून. आमटी आपोआप चांगली होती."

शाळा न शिकलेल्या बाईला जे कळतं ते मला कळायला जहाजावरचा भाचा घरी यावा लागला.

तुमच्याकडं कार्य असेल, सप्ताह असेल, यात्रेचं जेवण असेल, एकदा विचार करा. पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर खाली लिहा, शिव्या सोडून काहीही चालेल. आणि लग्नाला या. आमटी कशी झाली ते तोंडावर सांगा.

— न्हावरेकर